बद्द वाजलेला पंख

हिलाल मिस्त्री आणि रुपचंद इंजिनिअर सहा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. धुळ्याबाहेरच्या धावपट्टीवर एकाच पत्र्याच्या शेडमध्ये दोघे ग्लायडर दुरुस्त करायचे, तरी नाही. हिलाल आधी जळगावात फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवायचा, म्हणून रुपचंदने एकदा चारचौघांत त्याला ‘टाकीवाला’ म्हटलं. झालं. जो आधी बोलेल तो हरला, असं दोघांनीही मनाशी धरलं. कामाचे हुकूम रुपचंदकडून चिठ्ठीवर यायचे.

त्या मे महिन्यात ग्लायडरचा फायबरचा पंख कुंपणाला घासून फाटला. चिठ्ठी आली, ‘जुना रंग खरवडत बसू नका. रविवारी उडायचं आहे. पॅच मारा.’ अहो, रंगावर फायबर चिकटवायचं रेझिन धरतं का कधी? हिलालला हे पक्कं ठाऊक होतं. पण आधी बोलायचं कुणी? त्याने चिठ्ठीबरहुकूम रंगावरच पॅच चढवला आणि मनात म्हणाला, आता भोग.

रविवारी सकाळी ग्लायडर क्लबचे वैमानिक तोताराम सर उडायच्या तयारीने आत बसून पट्टे आवळत होते. बाजूला क्लबची माणसं उभी. रुपचंदने रुपयाचं नाणं काढून पंख ठोकायला घेतला. बायका मडकं वाजवून घेतात ना, तसंच हे. थर घट्ट असला तर टणटण, सुटला असला तर बद्द. टण, टण करत नाणं पॅचवर आलं. बद्द. बद्द. दहा पावलांवर हिलालला स्वच्छ ऐकू आलं.

“खणखणीत,” रुपचंद म्हणाला आणि त्याने वहीत सही ठोकली.

हिलाल बघतच राहिला. याला ऐकूच येत नाही की! लोकांच्या ओठांकडे बघून हा गडी निभावून नेत होता, आणि हिलालशी तर अबोलाच, मग त्याला कळणार कसं?

उडू दे, नाक कापलं जाईल मेल्याचं, असं त्याच्या मनात खरंच आलं. पण आत तोताराम सर होते. त्यांनी हिलालचं काय घोडं मारलं होतं?

तो तरातरा गेला, रुपचंदचा पंजा धरून पॅचवर दाबला आणि शेजारी नाणं ठोकलं. सुटलेला थर हाताखाली थरथरला. रुपचंदचा चेहरा उतरला.

“सर, उतरा,” तो म्हणाला. मग त्याने सही खोडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने बोलत लिहिलं, “हिलालचं काम कच्चं.”

बघा, करून सवरून नामानिराळा! हिलालचा हात खिशातल्या चिठ्ठीकडे गेला. तेवढ्यात पाठ फिरवून निघालेल्या रुपचंदचं पेन खाली पडलं. हिलालने चिठ्ठी खिशातच राहू दिली.

“रुपचंदभाऊ,” तो मोठ्याने म्हणाला, “तुमना पेन पडना.”

सहा वर्षांत तो आधी बोलला होता. सगळ्यांनी माना वळवल्या. रुपचंद चालत राहिला.

तोताराम सरांनी पेन उचललं आणि स्वतः हाक मारली. मग पुन्हा एकदा, जोरात. रुपचंद शेडपर्यंत पोचला तरी वळला नाही.