डाव्या किनारीच्या गाठी

"बेटावर? आणि तू?" त्याने चहाचा कप खाली ठेवला. "तुला तर पुलावरून जातानासुद्धा गरगरतं."

"गरगरू दे," म्हणत बायकोने प्रवास कंपनीचं रंगीत पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं. "आठ दिवस. नारळाची झाडं, पांढरी वाळू, दारासमोर समुद्र. पुढच्याच महिन्यात."

"एवढी घाई कशाची?"

"घाई कुठे? एकतीस वर्षं थांबलेच की."

तिथेच त्याच्या मनात पाल चुकचुकली.

कापडाच्या गिरणीत एकतीस वर्षं त्याचं काम एकच, खोट शोधणं. काचेच्या टेबलावरून कापड सरकत जायचं, खालून दिव्याचा उजेड यायचा. तुटलेला धागा, तेलाचा डाग, विरळ पडलेली वीण, काहीही दिसलं की यंत्र थांबवून त्या जागी किनारीला लाल दोरा बांधायचा. नेहमी उजव्या किनारीला, आणि गाठ दुहेरी. गिरणीत सगळे त्याला घारकाका म्हणायचे. माणूस भाविक, ही नजर देवाची, आपण फक्त सांभाळणारे, असं तो मनापासून म्हणायचा. पण खोट शोधायची सवय लागलेले डोळे फाटकाबाहेर पडल्यावर तरी कसे गप्प बसतील? पाहुण्याच्या हसण्यात, शेजाऱ्याच्या चौकशीत, कुठे वीण विरळ आहे ते बघत राहायचे.

दोन दिवसांनी तो घरात शिरला तेव्हा बायको फोनवर होती. "हो गं, विचारलंय त्यांना. आले बघ. ठेवते."

"कोण होतं?"

"राँग नंबर."

"राँग नंबरला 'हो गं' म्हणतेस?"

"बाई होती म्हणून म्हटलं. बाप्या असता तर 'हो रे' म्हटलं असतं," असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. विनोद केला, पण वळून पाहिलं नाही. तिच्यामागे जाताना त्याचा खांदा चौकटीला धडकला. तिने तेव्हाही वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो सुट्टीचा अर्ज घेऊन साहेबांकडे गेला. एक दिवस मागितला तरी कपाळाला आठ्या घालणारे साहेब अर्ज न उघडताच म्हणाले, "आठ दिवस ना? खुशाल जाऊन या, काका."

"मी दिवस कुठे सांगितले, साहेब?"

साहेबांनी टेबलावरचे कागद उगीच इकडचे तिकडे केले. "अंदाजाने म्हटलं हो."

आता त्याला सगळं लख्ख दिसायला लागलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईला, जिला सगळे चिमणी म्हणत, त्यानेच अकरा वर्षांपूर्वी हे काम शिकवलं होतं. दिवसभर हिची चिवचिव, आणि हल्ली कामाची पाळी संपल्यावर मात्र ही मागे राहते. कशाला? आपल्याला आठ दिवस लांब पाठवायचं आणि परत येऊन बघावं तर आपल्या टेबलावर ही. बायकोलाही हिनेच समुद्र दाखवून भुलवलं असणार.

चारचा भोंगा झाला. तो सगळ्यांबरोबर फाटकापर्यंत गेला आणि डबा विसरल्याचं सांगून परतला. चिमणी त्याने पास केलेल्या ताग्यांपाशी उभी होती. एक तागा अर्धा उलगडलेला, हातात लाल दोरा.

"काय चाललंय?"

तिच्या हातातली कात्री खाली पडली. "काका, तुम्ही गेला नाहीत?"

"गेलो असतो तर सोय झाली असती, नाही का? मी चांगला म्हटलेल्या कापडाला दोरे बांधतेस? माझं नाव घालवून टेबल हवंय तुला? मागितलं असतंस तर दिलं असतं गं."

त्याने तागा ओढला. डाव्या किनारीला लाल दोरे, एकेरी गाठीचे. पहिल्या दोऱ्याशी तो वाकला. कापड स्वच्छ होतं.

"दाखव. कुठाय खोट?"

तिने त्याचं बोट धरलं आणि किनारीपासून वीतभर आत टेकवलं. तुटलेला धागा बोटाला टोचला. त्याने मान पुरती डावीकडे फिरवली, तेव्हा तो दिसला. मग दुसरा दोरा. मग तिसरा. सगळ्या खोटी डाव्या कडेच्या. मधली एकही त्याच्या नजरेतून सुटलेली नव्हती.

"कधीपासून?"

"सात-आठ महिने झाले."

"साहेबांना ठाऊक आहे?"

"मागच्या महिन्यात कळलं. काका सुट्टीवरून येऊ देत, मग बोलू, म्हणाले." तिने कात्री उचलली. "काकूंना सांगायला गेले तर त्यांना आधीच माहीत. चौकटीला धडकता म्हणे. तुमच्या वडिलांचंही असंच कडेकडून सुरू झालं होतं ना?"

वडील. शेवटची बारा वर्षं खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचे आणि पाऊल वाजलं की विचारायचे, कोण चाललंय?

"मग डॉक्टर सोडून बेट कशाला?"

"डॉक्टरांची वेळ घेतलीय काकूंनी. परत आल्याच्या दुसऱ्या दिवसाची. म्हणाल्या, ते काही का सांगेनात, तोवर यांचा समुद्र तरी पाहून झालेला असेल."

त्याने ताग्यावर हात ठेवला. ज्यांना चोर ठरवून आपण चार दिवस फिरलो, त्या दोघी आपली लाज झाकत होत्या. देवाने नजर काढून घेताना एवढं तरी दाखवलं. तिची एकही गाठ त्याने सोडली नाही. चाचपत चाचपत प्रत्येक एकेरी गाठीवर आपली एक गाठ मारली. मग खिशातलं लाल दोऱ्याचं रीळ तिच्या टेबलावर ठेवलं आणि डबा घेऊन निघाला.

घरी बायको निवडणं घेऊन बसली होती. तो तिच्या समोर न बसता, तिला आपल्या डाव्या हाताला ठेवून बसला आणि प्रवास कंपनीचं पुस्तक उघडलं.

"राँग नंबर भेटला आज," तो म्हणाला.

तिचे हात थांबले. "मग? जायचं ना?"

"समुद्र चांगला दिसतोय. निळ्यात हिरवा मिसळत गेलाय. डाव्या कडेला काय आहे गं?"

"होडी आहे. लहानशी."

त्याने मान डावीकडे वळवली. आणखी थोडी वळवली.

"हां," तो म्हणाला. "आता दिसली."