पाठ वाचवली आणि खांदा गेला

ड्रायर गिऱ्हाइकाच्या टाळूकडे न्यायचा म्हटलं की वहिनीच्या उजव्या खांद्यात कळ उठायची. हात खाली असला की काही नाही, पार डोक्यावर गेला की काही नाही. मधल्या टप्प्यातच जीव जायचा. सलूनचं सगळं काम नेमकं त्याच टप्प्यातलं.

सलून नणंदेचं. तिने तोंडावर सांगितलं, "वहिनी, शनिवारी नवरीच्या मैत्रिणी येतायत. नाही जमलं तर तुझी खुर्ची मी दुसरीला देते."

मलम झालं, शेक झाला. नवऱ्याच्या सल्ल्याने हात झोळीत बांधून आठवडाभर घरी बसून झालं. खांदा उलट जास्तच आखडला. शेवटी ती चरफडत फिजिओथेरपिस्टकडे गेली.

"काम करता तसं करून दाखवा," तो स्टुलावर बसत म्हणाला.

"इतकं खाली नाही. त्या टेबलावर बसा."

तो तपासणीच्या उंच टेबलावर चढला. "गिऱ्हाईक एवढ्या उंचीवर?"

"पाठ धरली होती तेव्हा डॉक्टर वाकू नका म्हणाले होते. म्हणून खुर्चीच पंप करून वर घेते."

"म्हणजे पाठ सोडवलीत आणि खांदा गहाण टाकलात!" तो हसला. वहिनी हसली नाही. दोन वर्षं रोज स्वतःच्याच पायाने तो पंप दाबला होता.

त्याने समजावलं: हात उचलताना खांद्याच्या हाडाखालून स्नायूची दोरीसारखी कंडरा सरकते, ती सुजलीय. हात बांधून ठेवायचा नाही. खुर्ची खाली घ्यायची, कोपर अंगालगत ठेवायचं, रबरी पट्टा ओढायचा व्यायाम रोज करायचा.

"शनिवारपर्यंत बरं होईल?"

"दीड-दोन महिने धरा."

शनिवारी तिने खुर्ची तळाला नेली. मानेजवळचे केस स्टुलावर बसून केले, बाजूचे उभं राहून. टाळूशी आली आणि कळ उठलीच. नणंद आरशातून बघत होती. वहिनीने दात आवळून ड्रायर आणखी वर रेटला. केसांची बट सुटून गिऱ्हाइकाच्या नाकावर आली.

"वन्सं," ती रागानेच म्हणाली, "टाळूवरचं तुम्ही घ्या. माझ्याच्यानं होत नाही."

"म्हणजे अर्धं डोकं मी करू?"

"नाहीतर दुसरीला बोलवा. पण बाकीचं मी सोडणार नाही."

नणंदेने ड्रायर हिसकावून घेतला. टाळूवरचे केस ती स्वतःच वाळवू लागली.

"दुसरीला नको म्हणून सांगते," शेवटी ती म्हणाली. "पण जन्मभर टाळू वाळवणार नाही हं मी. तो पट्टा ओढ."

"ओढतेय," वहिनी फणकारली आणि पुढच्या मुलीसाठी स्टूल सरकवलं.