‘दबाव नाही’ असं लिहितो

घरातलं एक माणूस परीक्षेला बसलं की सगळं घर परीक्षेला बसतं. या घराचीही तीच गत होती. पाणीपुरवठा कार्यालयातले एक वरिष्ठ लिपिक संध्याकाळच्या वर्गांना जाऊन राज्यशास्त्रात एम. ए. करत होते आणि ते झालं की लगेच पीएच. डी. करणार होते. कार्यालयात त्यांना सगळे ‘सर’ म्हणत, म्हणून घरातही म्हणावं लागे. दारावर नवी पाटी आली होती. तिच्यावर नावाआधी ‘डॉ.’ मावेल एवढी जागा कोरी सोडलेली होती. एखादा पाहुणा विचारी, “अक्षर पडलं का हो?” सर गंभीरपणे सांगत, “यायचंय अजून.”

सरांनी पुस्तक उघडलं की मिक्सर बंद, मुलीचं गाणं बंद, आईचा खोकलासुद्धा आतल्या खोलीत. आणि एवढ्या दहशतीत सर लिहीत काय होते? ‘कुटुंबातील स्त्रियांचे मतस्वातंत्र्य’ या विषयावरचा लघुप्रबंध!

त्यासाठी स्त्रियांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या होत्या. सरांनी चपला घालायचेही कष्ट घेतले नाहीत. बायको, आई आणि समोरच्या वहिनी एवढ्यांना समोर बसवून एका रविवारी काम उरकून टाकलं. शुक्रवारी मार्गदर्शक मॅडमची सही घ्यायची आणि पुढच्या आठवड्यात पीएच. डी.च्या प्रवेशाला उभं राहायचं, असा बेत होता. सही हुकली तर वर्ष गेलं.

“मला अजून थोडं बोलायचं होतं,” मुलाखत संपल्यावर बायको म्हणाली. ती एका विमा कंपनीत नोकरी करायची, दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायची.

“अगं, पुरे. मला हवं होतं ते मिळालं.”

“ते मिळणारच होतं,” असं म्हणून ती भांडी विसळायला गेली. सरांना टोमणा कळला नाही. टोमणा कळायला आधी ऐकावं लागतं.

मंगळवारी सर मॅडमच्या खोलीत गेले. भिंतीलगत जुन्या प्रबंधांच्या थप्प्या होत्या आणि त्यांतल्या एकीवर मॅडमनी चहाचा कप ठेवला होता.

“निष्कर्ष वाचला,” मॅडम म्हणाल्या. “‘स्त्रिया पूर्ण स्वातंत्र्याने मत देतात.’ वा! आता मुलाखती ऐकवा.”

“मॅडम, सगळं टाइप करून जोडलंय की...”

“ऐकवा हो.”

सरांनी फोन टेबलावर ठेवला. त्यातून त्यांचाच भारदस्त आवाज आला. “मत कुणाला द्यायचं, हे तू कसं ठरवतेस?”

“मी... तसं बघायला गेलं तर...” हा बायकोचा आवाज.

“उमेदवाराचं काम बघून. बरोबर? पुढे. घरातून दबाव येतो का?”

ध्वनिमुद्रणात कुठेतरी नळ ठिबकत होता.

“खरं सांगू? मागच्या निवडणुकीत तुम्हीच...”

“आपल्याकडे तसलं काही नाही. ‘दबाव नाही’ असं लिहितो.”

मॅडमनी फोन थांबवला. “ही मुलाखत कुणाची?”

“मिसेसची.”

“त्या मुलाखतीला आल्या होत्या का?”

सर ओशाळवाणं हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पुढची मुलाखत लावली. तीत आई म्हणत होती, “तूच नाही का रे सांगत कुणाला द्यायचं ते?” आणि लगेच सर म्हणत होते, “आईला प्रश्न नीट कळलेला नाही. पुढचा घेऊ.”

“मॅडम, त्यांना नेमकं मांडता येत नाही. मी फक्त शब्द पुरवले.”

“पुरवले? अहो, हिसकावलेत! हुकूमशहाला मतपेट्या पळवाव्या लागतात, माणसं कामाला लावावी लागतात. तुम्ही तर मत तोंडातून बाहेर पडायच्या आत मोजून मोकळे झालात! दोन वर्षं ‘सत्ता’ या विषयावर पुस्तकं वाचलीत ना? मग ती कुठे असते, एवढंही दिसलं नाही? कुणाचं वाक्य पूर्ण होतं आणि कुणाचं अर्धं राहतं, तिथे बघा की!”

“पण सही... वर्ष जाईल हो माझं.”

“जाऊ द्या. मिसेसची किती गेली, ते विचारलंत का कधी?”

सर तणतणत घरी आले. पण सहीची गरज रागापेक्षा मोठी होती. त्यांनी बायकोला समोर बसवलं, फोनवर ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि म्हणाले, “हं. बोल आता. मी मध्ये बोलणार नाही.”

“आज का?”

“मॅडमनी सही दिली नाही.”

“म्हणजे सहीसाठी. मग नाही बोलणार.”

“अगं, शुक्रवारच्या आत द्यायचंय! माझ्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडेल. तुला बोलावंच लागेल!”

बायकोने शांतपणे फोनकडे बोट दाखवलं. “याला दबाव म्हणतात ना? लिहा मग.”

लग्नानंतर पहिल्यांदाच सरांकडे तयार वाक्य नव्हतं. त्यांनी फोन बंद केला.

शुक्रवार आला आणि गेला. सर मॅडमकडे गेले नाहीत. प्रवेशाची तारीखही उलटली. त्यांनी कुणाला पुन्हा मुलाखतीला बसवलंही नाही.

काही दिवसांनी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना बायको आपणहून बोलली. “निवडणुकीच्या आदल्या दिवशी तुम्ही मला आणि आईंना उमेदवाराचं नाव दोनदा म्हणायला लावलंत. लहान मुलांकडून पाढे म्हणून घेतात तसं. मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी मतदान केंद्रात जाऊन माझ्या मनाला पटला त्यालाच मत दिलं. पण बाहेर आल्यावर तुम्ही मला ‘शाब्बास’ म्हणालात आणि मी हसले. मत माझंच होतं हो. त्या हसण्याची मात्र अजून लाज वाटते.”

‘कुणाला दिलंस?’ हा प्रश्न सरांच्या दातांपर्यंत आला होता. त्यांनी तो गिळला.

“हे लिहू का मी?”

“लिहा. पण कुणाला दिलं ते सांगणार नाही.”

“नाही विचारत.”

आतल्या खोलीतून आई म्हणाली, “मी मात्र तू सांगितलंस तिथंच दिलं रे. मला वाटायचं, आपण वेगळं काही ठरवायचंच नसतं.”

सरांनी मान खाली घातली. बायकोने तरी त्यांना फसवलं होतं. आईने शब्दशः त्यांचं ऐकलं होतं, आणि तेच जास्त झोंबलं.

नवा लघुप्रबंध पुढच्या वर्षी झाला. त्यात या घरातला दबाव दबाव म्हणूनच नोंदलेला होता आणि तो आणणाऱ्याचं नातंही दिलेलं होतं. मॅडमनी एकही शब्द न खोडता सही केली. मग पीएच. डी.चा प्रवेशही झाला, एक वर्ष उशिरा.

वाचकहो, या सरांना हसणं सोपं आहे. पण तापमापीच तापवून पाण्यात बुडवली, तर कळणारा आकडा पाण्याचा नसतो, आणि असल्या तापलेल्या तापमाप्या घरोघरी आहेत. मतपेटीला पहारा असतो. जेवणाच्या टेबलाला तो कोण देणार? तिथे तो आपला आपणच द्यायचा. प्रश्न विचारला की गप्प बसावं आणि समोरच्याचं वाक्य त्यालाच संपवू द्यावं. एवढंही ज्याला जमत नाही त्याने लोकशाहीवर हवे तेवढे प्रबंध लिहावेत. घरात तो हुकूमशहाच, आणि तोही फुकटचा!