टिटवीला लाल टॅग

आमच्या ह्यांच्याकडे रिकाम्या फांद्यांचे फोटो पुष्कळ आहेत. बाभळीची रिकामी फांदी, कडुनिंबाची रिकामी फांदी, तलावातून वर आलेली वाळकी फांदी, तीही रिकामीच. प्रत्येक फांदीवर क्षणापूर्वी कुणीतरी बसलेलं असतं. कधी हळद्या, कधी खंड्या. "बघ, फांदी अजून हलतेय," असं म्हणून हे मला फोटो मोठा करून दाखवतात. फोटोत फांदी हलताना कशी दिसते ते देव जाणे, पण मी आपली "व्हय, दिसतेय की" म्हणते.

दोष कॅमेऱ्याचा नाही, सवयीचा आहे. ह्यांची सगळी नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात माल तपासण्यात गेली. नग हातात घ्यायचा, उजेडात धरायचा, मोजायचा, फिरवून पुन्हा मोजायचा, तेव्हा कुठे ओके. ओके मालाला हिरवा टॅग, शंका आली की लाल. लाल टॅग लागला की मॅनेजरसुद्धा त्या मालाला हात लावत नसे, हे अजूनही छाती पुढे काढून सांगतात. तेच पक्ष्यांच्या बाबतीत. पक्षी दिसला की आधी उजेड बघायचा, मग फोकस, मग पक्ष्याच्या मागे काय दिसतंय ते, मग पुन्हा उजेड. पक्षी म्हणजे काय टेबलावर पडलेला सुटा भाग आहे? तो कंटाळतो आणि उडून जातो.

तपासणी घरातही चालते. "मीठ अर्धी चिमूट जास्त." "फोडणी जरा पुढे गेली." लग्नापासून आजवर माझ्या एकाही भाजीला हिरवा टॅग मिळालेला नाही. सुरुवातीला मी रडायचे, नंतर भांडायला लागले, आता ताट समोर ठेवते आणि कान बंद करते.

तरी ह्या कॅमेऱ्यावर माझा जीव आहे, त्याचं कारण सांगते. निवृत्त झाल्यावर आम्ही कारखान्याजवळचं बजाजनगर सोडून हर्सूलच्या तलावाकडे राहायला आलो आणि हे एकदम गप्प झाले. खिडकीजवळ खुर्ची टाकून नुसते बसायचे. विचारलं तर हो, नाही विचारलं तर तेही नाही. मुलगी वैदेही आणि जावई हिमांशू यांनी तेव्हा हा कॅमेरा आणून दिला. हे तलावावर जाऊ लागले, आणि हळूहळू चहाच्या वेळी बोलायला लागले. कोणत्या बगळ्याची चोच काळी, कोणत्याची पिवळी. मला त्यातलं शष्प कळत नव्हतं, पण घरात माणूस परत आला होता.

यंदा मे महिन्यात हे म्हणाले, "प्रदर्शनात आपला एक तरी फोटो लागला पाहिजे. नाही लागला तर कॅमेरा हिमांशूला देऊन टाकतो. उगाच मिरवायचं कशाला?" ते ऐकून मी धास्तावले. पक्ष्यांशी माझं काही देणंघेणं नव्हतं. मला तो खुर्चीतला माणूस घरात परत नको होता.

प्रदर्शन म्हणजे तलावाकाठच्या बागेतलं. पहाटे दुर्बिणी घेऊन फिरणारी मंडळी दर उन्हाळ्यात तिथं मांडव टाकतात आणि प्रत्येकाचा एक फोटो लावतात. म्होरके अफजलभाई, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. गेल्या वर्षी ह्यांचा फोटोच नव्हता, तर हे दिवसभर लोकांना कोकम सरबत वाटत उभे होते. हसून वाटत होते, पण ते हसणं मी ओळखते.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी पहाटेच अफजलभाईंचा फोन आला. बागेतल्या बांबूच्या बेटात स्वर्गीय नर्तक आला होता. पांढराशुभ्र नर, अंगापेक्षा लांब शेपटीच्या दोन फिती मागे सोडणारा. हे पायजम्यावरच निघाले. मी डबा भरला आणि मागोमाग निघाले, कारण आज ह्यांना कॅमेऱ्याचं बटण दाबायला उशीर झाला तर मीच ते दाबणार होते.

बागेच्या फाटकातून आत गेलो तर डोक्यावर टिटवीचा आरडाओरडा. मांडवासाठी टाकलेल्या मुरुमाच्या उंचवट्यापाशी ती खाली झेप घ्यायची, पुन्हा वर जायची. हे थांबले, वाकले आणि तसेच राहिले. उघड्या मुरुमावर चार अंडी होती. खड्यांच्या रंगाची, वर काळपट ठिपके. पाय पडला असता तरी कळलं नसतं.

तेवढ्यात मांडवाचे लोखंडी पाइप भरलेला टेम्पो आत आला आणि तिकडून अफजलभाईंनी हाक मारली, "लक्ष्मणभाऊ, जल्दी आओ! नवरदेवासारखा बसलाय!"

"तुम्ही पळा," मी म्हटलं, "मी थांबते इथं."

"शंकेचा माल टॅग लावल्याशिवाय सोडायचा नसतो," हे म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. ह्यांनी शांतपणे कॅमेऱ्याच्या बॅगेतून चक्क लाल टॅग काढला. निवृत्त होताना घरी आणलेले टॅग हे अजून बाळगतात, हे मला तेव्हा कळलं. मग काटक्या शोधल्या, चारही बाजूंनी रोवल्या, सुतळी बांधली, ती ताणून बघितली, एक काटकी उपटून पुन्हा सरळ रोवली आणि मग टॅग अडकवला. टिटवी तोवर ह्यांच्या टकलावरून घिरट्या घालत होती. तिकडे बांबूत कॅमेऱ्यांचा खटखटाट चालला होता.

मांडववाला कडुबा दोन गड्यांसह खांद्यावर पाइप घेऊन आला आणि सुतळीपाशी गपकन थांबला.

"लाल टॅग हाय का? मागं सरा रे," तो गड्यांना म्हणाला. मग माझ्याकडे बघून हसला. "मी पण वाळूजलाच व्हतो, पॅकिंगला. लाल टॅगचा खोका उचलला म्हून सायबानं लई झापलं व्हतं. तवापासून हात नाय लावत." त्यानं वाकून आत बघितलं. "आरं, टिटवीची अंडी! उंचावर घातली म्हंजी पाऊस लई पडणार यंदा. मांडव लिंबाखाली टाकतो, काका. तुम्ही नका काळजी करू."

अंडी वाचली आणि नर्तक गेला. मंडळी बांबूतून बाहेर आली ती कॅमेऱ्याचे पडदे एकमेकांना दाखवत, लग्नघरातून जेवून आल्यासारखी. ह्यांनी प्रत्येकाचा फोटो बघितला, प्रत्येकाला छान म्हटलं. सगळे पांगल्यावर माझा बांध फुटला.

"अख्खा तलाव सोडून टिटवी? घरावरून वरडत गेली तर माहेरी पिशोरला आमची आई अपशकुन म्हणून पाणी फेकायची तिच्या नावानं! तिच्यासाठी तुम्ही नर्तक घालवला? आता द्या कॅमेरा जावयाला आणि बसा खुर्चीत!"

हे बाभळीखाली जाऊन बसले. ते खुर्चीतल्यासारखं बसणं बघून माझा राग गेला आणि भीती वाटायला लागली. घरी चला म्हटलं तर म्हणाले, "अजून पाइप यायचेत. थांबतो." मग मीही डबा मांडीवर घेऊन शेजारी बसले.

ऊन चढलं. मुरुम नुसता भाजत होता. टिटवी अंड्यांवरून उठली आणि तलावाकडे गेली. मी म्हटलं, झालं, हिनंही सोडलं. पण थोड्या वेळानं ती तुरुतुरु पळत परत आली. पोट भिजून चिंब झालेलं. अंड्यांवर येऊन उभी राहिली, पोटाच्या पिसांतून पाणी ठिबकलं, आणि मग अलगद बसली. पुन्हा उठली, पुन्हा पाण्यात पोट बुडवून आली. बाई पाणी वाहत होती लेकरांसाठी! मी खेड्यात, शेतात वाढलेली बाई, पण हे मी जन्मात कधी बघितलं नव्हतं.

शेजारी बघते तर हे कॅमेऱ्याला डोळा लावून उजेड तपासत होते.

"दाबा," मी कुजबुजले. हे फोकस तपासत होते. "अहो, दाबा की!" टिटवी उठून गेली. सुतळीच्या आत नुसती अंडी राहिली. रिकाम्या फांदीचाच प्रकार.

"गेली!" मी म्हटलं.

"येईल," हे म्हणाले. "अंडी इथं आहेत, जाईल कुठं?"

आणि ती आली. ह्यांनी पुन्हा उजेड बघितला. ती गेली. पुन्हा आली. ह्यांनी मागचं गवत बघितलं, बसायची जागा थोडी सरकवली. ती पुन्हा गेली, पुन्हा आली. आता ती ओरडतही नव्हती. ह्यांच्या सगळ्या तपासण्या संपेपर्यंत थांबणारा पक्षी देवानं एकच घडवला असावा आणि तो आज भेटला होता. शेवटी बटण दाबल्याचा आवाज आला. मग ह्यांनी पडदा माझ्यापुढे धरला. पोटाच्या पिसांना लोंबलेला थेंब, खाली ओली चमकणारी अंडी, आणि टिटवीचा डोळा सरळ आमच्याकडे.

"पक्षी आहे ना यात?" ह्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं आणि पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी लिंबाखालच्या मांडवात जिकडेतिकडे नर्तक. डावीकडे बघणारा, उजवीकडे बघणारा, एका फोटोत अर्धी शेपूट कापलेला. टिटवी एकच, आणि गर्दी तिच्यापुढे. लोक फोटो बघायचे, मग सुतळीपर्यंत जाऊन लांबूनच खरी टिटवी बघून यायचे. अफजलभाई बराच वेळ उभे होते. "भाभी," ते म्हणाले, "इतकी वर्षं हिच्या बाजूनं चालत गेलो. कसम से, एकदा पण बघितलं नाही." ह्यांना तर कुणी बसूच देत नव्हतं. फोकस कसा केला ते सांगता सांगता ह्यांचा घसा बसला. दुपारी घाईघाईनं माझ्या हातातला डबा घेतला, मांडवामागे उभ्याउभ्याच जेवले आणि डबा तिथंच ठेवून पुन्हा पळाले.

मी माझ्या वाट्याचं जेवायला बसले तेव्हा डब्याच्या कडीला काहीतरी बांधलेलं दिसलं. हिरवा टॅग. त्यावर कारखान्यातलं तेच तिरकं अक्षर, "तपासले, ओके," आणि खाली सही.

मी पहिला घास घेतला. वांग्याच्या भाजीत मी मीठच टाकलं नव्हतं.