उद्या पहाटेची यादी

आमच्या छापखान्याचे मालक दर मंगळवारी सगळ्यांचे ड्रॉवर तपासतात. वार मात्र बघतात तो ऑफिसच्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात. मग काय! मंगळवारी सकाळी आल्या आल्या मी तारीख एक दिवस मागे ढकलली, वर ती आपोआप जुळायची सोयही बंद करून टाकली. मालकांनी सोमवार बघितला, चहा प्यायले, ड्रॉवर राहिले.

तेवढ्यात नवा प्रिंटर आला आणि मालकांनी माझ्या ताईला फोन लावला. टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्यावर पठ्ठी लिनक्स, म्हणजे आमच्या कॉम्प्युटरवरची प्रणाली, शिकली होती. मीच मालकांचं डोकं खाल्लं होतं, तिला एक संधी द्या म्हणून. जेवणाच्या सुट्टीपर्यंत प्रिंटर चालला तर कॉम्प्युटरचं काम तिचं, नाहीतर मालकांच्या मेहुण्याचं. तो दर वेळी सगळं पुसतो आणि पहिल्यापासून भरतो.

अकराला ताईनं कमांड मारली. प्रिंटर चालवणारं पॅकेज नेटवरून उतरेना. लाल अक्षरं.

"नेट गेलं असेल," मालक.

"नेट चालू आहे." तिनं दुसरा मिरर लावला. मिरर म्हणजे एकाच मालाची गावोगावची गोदामं. तिथंही तेच. गोदामांतल्या मालाच्या जुन्या याद्या पुसल्या, तिसरा लावला. तेच!

"मेहुण्याला बोलावतो," मालक म्हणाले.

ताई हलली नाही. आपण सगळे लाल अक्षरं दिसली की पळतो. ही बाई चष्मा सारून शेवटच्या शब्दापर्यंत वाचत होती.

"तीन गोदामं एकदम खोटं बोलत नाहीत," ती म्हणाली. "हे म्हणतंय, यादी अजून अठरा तास चालणार नाही. म्हणजे ती उद्या पहाटे पाचला तयार झाली! उद्याची यादी आज कोण बनवतं हो?"

तिनं मोबाइल काढला, स्क्रीनच्या कोपऱ्याशी धरला. मंगळवार. सोमवार. मग चष्म्यावरून थेट माझ्याकडे बघितलं. लहानपणी शाळा बुडवायला मी घरातलं घड्याळ मागे केलं होतं. मार तिनं खाल्ला होता.

"कशानं झालं हे?" मालकांनी विचारलं.

"होतं कधीकधी. आतल्या घड्याळाची बॅटरी म्हातारी झाली की..." ती माझ्यासाठी पुन्हा पाठ पुढे करत होती. आणि उद्या मेहुण्यानं बॅटरी तपासली तर खोटी ठरली असती तीच.

"बॅटरी ठणठणीत आहे," मी म्हणालो. "उद्योग माझा."

ताईनं तारीख सुधारली, कमांड पुन्हा मारली. सरसर सगळं उतरलं. प्रिंटरनं पहिला कागद ओकला, साडेबारा वाजता, सुट्टीच्या आधी!

"बाई, उद्यापासून या," मालक म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "म्हणजे आज मंगळवार. उघडा ड्रॉवर."

उघडला. त्यांची चार महिन्यांपूर्वी हरवलेली शिट्टी, रबरी पाल, आणि त्यांच्याच खुर्चीचं एक चाक.

ताई हसून हसून खाली बसली. नेमकी त्याच खुर्चीत.