सीतादहीचा टाका

सुईच्या टोकानं अनघानं आणखी एक टाका उचलला, चिमट्यानं हळूच ओढला आणि तो पांढरा दोरा काचेच्या वाटीत सोडला. वाटीत आता चिमूटभर दोरे जमले होते. खिडकीतलं ऊन टेबलावर उतरलं होतं, आणि त्या उन्हात लुगडं असं लाल झालं होतं, की पळसाखाली बसून काम करतोय असं वाटावं.

नऊवारी, हातमागाचं, काठाला करवतीचे बारीक दाते. लाल रंग आल नावाच्या झाडाच्या मुळ्या उकळून चढवलेला. असा लाल आता कुणी रंगवत नाही. बँकेची नोकरी सांभाळून अनघा कितीतरी वर्षं जुनी लुगडी जमवत होती. रिठ्याच्या पाण्यात धुवायची, सावलीत वाळवायची, लवंगा घालून मलमलीत गुंडाळायची, घडीवर कापड चिरू नये म्हणून अधूनमधून घड्या बदलायची. नवरा म्हणायचा, माझ्या शर्टांनी काय पाप केलंय? पण आलाचं लाल तिला कधी मिळालं नव्हतं. गेल्या बाजारात घाटंजीच्या बोहारणीनं, जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या तिच्या नेहमीच्या बाईनं, गाठोड्याच्या तळातून हे ओढून काढलं तेव्हा अनघाला भाव विचारायचंही सुचलं नव्हतं.

दोष एकच. काठालगत कुणीतरी जाड्याभरड्या दोऱ्यानं टाके घातले होते, एकापुढे एक, वेडेवाकडे. ते काढले की लुगडं मागावरून उतरल्यासारखं होणार होतं.

तिनं पुढच्या टाक्याखाली सुई घातली आणि थांबली. खाली कापड धड होतं. मागच्या टाक्याखालीही धडच होतं. फाटलेलंच नाही, तर शिवलं कशाला?

ती भिंग घ्यायला उठली, तेवढ्यात बेल वाजली.

दारात दोघी उभ्या होत्या. पुढे एक वाळकी, ताठ म्हातारी. मागे तिची सून, पोटाशी स्टीलचा डबा धरून.

"मी तानाबाई. घाटंजीकडून आली," म्हातारी म्हणाली. "आमचं लुगडं तुमच्यापाशी हाय म्हंते ते भांडेवाली."

"कोणतं लुगडं, आजी?"

"लाल. या आमच्या सलोनीनं डब्यावर देऊन टाकलं. मोठी व्यापारीन!"

"मले काय मालूम, आई? पेटीत जुनंपानं दिसलं. कसर लागन म्हनलं."

"मले इचाराचं नाई? मेलती काय मी?"

"वावरात गेलत्या तुमी." सलोनीनं डबा पुढे केला. "घ्या ताई. वापरला नाई. स्टिकरबी तसंच हाय."

विकलं, असं म्हणून टाकावं. शब्द अनघाच्या जिभेवर येऊन बसला. एवढ्या वर्षांनी हाती आलेलं लाल. दार लोटलं की संपलं. पण म्हातारीची नजर तिच्या खांद्यावरून आत, टेबलावर, केव्हाच पोचली होती.

तानाबाई आत आली. लुगड्याला हात लावण्याआधी तिनं दोन्ही तळवे पदराला पुसले. मग एक बोट काठावरून चालवत नेलं, नांगराच्या तासावरून चालावं तसं. बोट थबकलं. मागे आलं. पुन्हा थबकलं.

"इथचे टाके कुठी गेले?"

"मी उसवले," अनघा म्हणाली. तिचा आवाज खाली गेला. "वाटलं, कुणीतरी कच्चं शिवलंय."

म्हातारी खुर्ची सोडून फरशीवरच बसली. सलोनीनं तिला पाणी आणून दिलं.

"उद्या आमच्या वावरात सीतादई हाय," घोट घेऊन ती म्हणाली. "पयला कापूस वेचाचा दिवस. पाच गोटे मांडतो, पूजा करतो, दहीभात शिपडतो. त्या दिवशीचं जे पयलं बोंड, त्याचा दोरा मांडीवर घासून हातानंच वयाचा. अन् त्याचा एक टाका या लुगड्यात. एका सालचा एक. माह्या आजेसासूची सासू घाले. मंग तिची सून. मंग तिची. आता मी."

"पण कुठेच फाटलेलं नाहीये, आजी."

"फाटलं म्हनून नाई, बाई. पिकलं म्हनून."

अनघानं भिंग उचललं. लुगडं तेच होतं, टेबल तेच होतं, पण आता तिला वाकून बघायची भीती वाटली, गाभाऱ्यात वाकताना वाटते तशी. पदराकडचे पहिले दोरे पिवळसर, आखूड तंतूंचे, जुन्या देशी कापसाचे. पुढे तंतू लांबत गेलेले, शुभ्र झालेले. एकीच्या हाताचा पीळ उजवा, तिच्यानंतरच्या सुनेच्या हाताचा डावा. मधेच एखादा बोटभर जाड. मधेच एखादा केसासारखा.

"हा बघा, किती बारीक."

तानाबाईनं भिंगातून पाहिलं आणि झटकन मान मागे घेतली. "अवं माय! एवढा दिसते? त्या साली पानी नोतं आलं. बोंडात कापूस तं पायजे ना." तिनं पुन्हा डोळा लावला. "येवढ्या साली घालून राह्यली मी, पन असं कधी पाह्यलंच नाई."

"तुमचे कोनते यातले, आई?" सलोनीनं विचारलं.

"वाकडे असन ते माहे."

तिघी हसल्या. मग अनघानं काचेची वाटी जवळ ओढली.

"सुईची भोकं अजून बुजलेली नाहीत. ज्याचा दोरा त्याच जागी परत घालते. प्रत्येक दोऱ्याला त्याच्या टाक्याचा बाक आहे, ओळखू येतो."

उन्हं सरकत जिन्यापाशी गेली तरी काम चाललं होतं. सलोनी चिमट्यानं एकेक दोरा उचलून द्यायची, अनघा भिंगाखाली तो ओवायची. फरशीवर पाय पसरून म्हातारी गुणगुणत होती:

पयलं माहं बोंड, सीतामायच्या ओटीत...

"पुढं काय, आई?"

"पुढचं मी म्हनत नाई."

वाटी रिकामी झाली. अनघानं काठ हातभर मागून तपासत आणला आणि एका जागी तिचं बोट थांबलं. दोन भोकं. रिकामी. तिनं लुगड्याच्या घड्या झटकल्या, टेबलाखाली वाकून पाहिलं, वाटी उलटी केली.

"आजी, एक कमी पडतोय. माझ्याच हातून हरवला."

"तुह्या हातून नाई, पोरी." म्हातारी वळून बघतही नव्हती. "तो मीच तोडला. माहा अमर गेला त्या साली."

सलोनीच्या हातातला चिमटा तसाच राहिला. अमर म्हणजे तिचा मोठा दीर, घरातल्या भिंतीवरचा फोटो.

"सीतादई झाली अन् हप्त्यात लेकराले ताप भरला. माती देऊन आलो त्याले. म्हनलं, काय पिकलं माहं? पेटी उघडली अन् दातानं तोडून टाकला दोरा. पुढच्या साली घातला परत, पुढं सरकून. वावरानं काय केलतं माहं? पन ती जागा सोडून देल्ली." तिनं मान वळवली. "तिथीच हाय काय अजून?"

"आहे," अनघा म्हणाली. "उघडी आहे."

त्यानंतर किती धुणी झाली असतील, किती घड्या पडल्या असतील. एवढ्याशा पाण्यानंही बुजली असती ती भोकं. अनघानं भिंग खाली ठेवलं.

त्या निघण्याआधी अनघानं लुगडं मलमलीत गुंडाळून तानाबाईच्या मांडीवर ठेवलं. डबाही परत दिला. तानाबाईनं लुगडं तिच्याच हातात सरकवलं.

"आमच्या पेटीत कसर लागते म्हंते आमची सून. तुह्यापाशीच राहू दे. उद्या घेऊन ये वावरात. अन् दर साली ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी वावर पांढरंफेक फुटलं होतं. बांधापाशी पाच गोटे शेंदूर लावून बसले होते. नव्या डब्यातून सलोनी दहीभात शिंपडत होती, डब्यावरचं स्टिकर अजून तसंच. तानाबाईनं पहिलं बोंड खुडलं, सरकी काढली आणि मांडीवर घोळवत दोरा वळायला घेतला. वळतच राहिली.

"आई, लय लांब झाला," सलोनी म्हणाली.

"होऊ दे."

तिनं सुई ओवून अनघाला दिली. "तुहे डोये बरे हायेत."

अनघानं लुगडं गुडघ्यांवर पसरलं आणि शेवटच्या टाक्यापुढे सुई टेकवली. तेवढ्यात म्हातारीचं कोरडं बोट तिच्या मनगटावर आलं आणि हात हळूहळू मागे नेऊ लागलं. एकेका सालावरून मागे, त्या दोन उघड्या भोकांपर्यंत.

"आधी इथी."

सुईला जागा शोधावी लागली नाही. दोरा आरपार गेला तेव्हा अनघाच्या कानाशी, अगदी हलक्या आवाजात, कापसाच्या बोंडाला ऐकू जावं एवढ्याच, कुणीतरी म्हणत होतं:

दुसरं माहं बोंड, लेकराच्या मुठीत.