रिकाम्या गाडीचे दिवे

मी हौद्याखालची अर्थिंगची वायर बोलतेय. नाव ऐकून कपाळाला आठ्या घालू नका, साधं करून सांगते. पिकअप गाडीला मागे माल भरायचा लोखंडी हौदा असतो, तो खालच्या चॅसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, जाड रबरांवर बसवलेला असतो. मागचे दिवे त्या हौद्याला. दिव्यात आलेल्या विजेला परत बॅटरीकडे जायला वाट लागते, आणि ती वाट म्हणजे मी. तांब्याच्या बारीक तारा, वर काळं रबर, एक टोक हौद्याला आणि दुसरं चॅसीला. मी धरून ठेवलं तर दिवे लागतात, मी सोडलं की जातात.

एक बाई गेली माझ्यापायी. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही माझी कीव करत बसणार नाही.

जन्म माझा चारचौघींसारखाच. कारखान्यात रिळावरून कापली, दोन्ही टोकांना बोल्टसाठी भोक असलेल्या तांब्याच्या चकत्या मशीनने दाबून बसवल्या. त्यांना थिंबल म्हणतात. पहिली सहा वर्षं माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, आणि पाहायचं कारणही नव्हतं. चिखल खाल्ला, पाणी प्यायलं, काम चोख केलं.

मग हौद्याचा पत्रा सडला. मालकाने गाडी वेल्डरकडे टाकली. मी त्याच्या मध्ये येत होते, म्हणून त्याने मला एका बाजूने कापलं. काम उरकल्यावर नवीन थिंबल घातली आणि पक्कडीने दोनदा चिमटून म्हणाला, "झालं." मशीनने दाबायची वस्तू ही! वर कापाकापीत मी टीचभर आखूड झाले. मालक फोनवरून सारखा कोकलत होता, "अरे झालं का? उद्या माल उचलायचाय." वेल्डरने मला ओढूनताणून बोल्टला अडकवलं आणि हात पुसले.

आता मालक आणि ड्रायव्हर कोण, ते सांगते. ड्रायव्हर म्हणजे मालकाच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आधी एका कारखान्यात होता, तो बंद पडला, तेव्हा मेहुण्याने हातात गाडी दिली. मालक त्याला दाजी म्हणायचा, अहो-जाहो करायचा, समोरून आला की खुर्ची द्यायचा. मान सगळा दाजींचा, चावी मात्र मेहुण्याची. मीही त्यांना दाजीच म्हणते.

दाजींसारखा माणूस मी पाहिला नाही. रोज सकाळी गाडीला फडकं मारायचे, वाकून टायर बघायचे. मला बघायला मात्र खाली झोपावं लागतं, आणि तिथे कोण झोपतंय!

दुखणं असं सुरू झालं. हौद्यात जड माल पडला की हौदा रबरांवर दबून मागे सरकायचा, चॅसी थोडी वाकायची, आणि मी ताणली जायचे. थिंबलच्या तोंडाशी माझ्या तारा एकेक करून तुटत होत्या. खड्डा आला की उरलेल्या चार तारांचा धर सुटायचा, मागचे दिवे जायचे, ब्रेकचेही जायचे. पुढच्या खड्ड्यात परत लागायचे. पुढे बसलेल्या माणसाला यातलं काय दिसणार? मागून कुणी हॉर्न मारून ओरडलं तरच कळायचं. मग दाजी उतरायचे, बघायचे, हौद्यावर एक बुक्की घालायचे. बुक्कीने दिवे लागायचे.

गॅरेजच्या फाटकावर पाटी होती, 'भरलेली गाडी आत घेतली जाणार नाही.' मागे एकदा जॅक सरकून कुणाचा तरी पाय गेला होता, तेव्हापासूनची. त्यामुळे दाजी आधी माल पोचवायचे, हौदा झाडून घ्यायचे, मग गाडी न्यायचे. आणि रिकामा हौदा परत जागेवर आला की मी सैल पडायचे, माझ्या तारा एकमेकींना चिकटायच्या, दिवे लख्ख!

"दाजी, लागलेत की हो," वायरिंगवाला म्हणायचा. "ब्रेक दाबा. हां, तेही लागले. इंडिकेटर? टकाटक!"

"उस्ताद, आत्ता तासापूर्वी बंद होते हो. आईशप्पथ."

पहिल्यांदा त्यांनी बल्ब बदलले. बल्ब बिचारे, त्यांचा काय गुन्हा! मग होल्डर, मग फ्यूज, मग ब्रेकच्या पॅडलचा स्विच. जो दिसेल तो बदलला. मी खालून सगळं ऐकत होते आणि ओरडत होते, अरे मेल्यांनो, मी आहे ती, मला हलवा. एकदा वायरिंगवाल्याने खाली वाकून मला बोटाने हलवलंसुद्धा. मी सैल होते, नीट होते. त्याने मला सोडून दिलं.

मेहुण्याची भाषा हळूहळू बदलली. एक दिवस गाडीला टेकून म्हणाला, "दाजी, तुमच्यावर अविश्वास नाही हो. पण गॅरेजला नेली की गाडी बरी आणि तुमच्या हातात आली की आजारी. हे काय गौडबंगाल आहे?"

दाजींनी फोनमधला फोटो दाखवला. भरलेली गाडी, मागे अंधार.

"दिवे बंद आहेत, दिसतंय," मेहुणा म्हणाला. "पण बटण चालू होतं कशावरून?"

दाजींनी फोन खिशात घातला. मग तोच जरा हसून म्हणाला, "नाही, उशीर झाला की दिवे गेले म्हणून सांगायला बरं पडतं, एवढंच म्हणतोय." ते बोलणं दाजींच्या जिव्हारी लागलं. फडकं घेऊन ते कितीतरी वेळ एकच काच पुसत राहिले. घरातली माणसंही आता तसंच बघायला लागली होती. गाडी गेली तर जाऊ दे, माणूस खोटा ठरत होता, आणि त्याला खोटं पाडणारी मी होते.

शेवटी वायरिंगवाल्यानेच डोकं चालवलं. दाजींच्या हातात एक वही दिली. "तुम्ही खोटं बोलताय असं मला वाटत नाही. पण मला सापडत नाही, हेही तितकंच खरं. दिवे गेले की यात लिहा. वार, जागा, ऊन की पाऊस, हौद्यात काय होतं, सगळं."

दाजी लिहायला लागले. 'सोमवार, पूल, ऊन, फरशा.' 'गुरुवार, शाळेपुढचा चढ, पाऊस, सिमेंट.' 'शनिवार, पूल, ऊन, फरशा.' दोन महिन्यांनी वायरिंगवाला ती वही बॉनेटवर ठेवून वाचत बसला. आधी त्याला पावसाचा संशय आला, मग पुलाचा. मग त्याने पानं उलटीसुलटी चाळली.

"दाजी, आठवड्याला दोनदा गाद्या नेता ना तुम्ही? त्या फेऱ्या कुठायत यात?"

"गाद्या नेताना नाही गेले कधी."

वायरिंगवाल्याने पेन्सिल खाली ठेवली. "च्यायला! अहो, दीड वर्ष आपण हिला रिकामीच तपासतोय. वजनाने जातायत दिवे, वजनाने! उद्या भरून आणा. आत नको, फाटकाबाहेर लावा, मी रस्त्यावर झोपतो खाली."

माझा जीव भांड्यात पडला. खरंच सांगते, इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दाजींनी फरशांची खोकी भरली. भरायलाच दुपार टळली. गाडी गॅरेजच्या रस्त्याला लावली आणि मेहुण्याला फोन केला.

पलीकडचा आवाज इतका मोठा होता की मला खाली ऐकू आला. "दाजी, आधी माल. गवंडी बसून राहिलेत तिथे. पोचवा आणि मग दिवसभर बसा गॅरेजात."

"अरे, पण भरलेली असतानाच बघायचंय त्याला."

"दीड वर्ष थांबलात ना? मग अजून चार तासांनी काय होतंय? हात जोडतो तुमच्यापुढे."

मेहुण्याने हात जोडले की दाजींचं काही चालायचं नाही. त्यांनी गाडी वळवली.

दिवस मावळला होता, पण पुरता अंधार झाला नव्हता. उतार संपून वळण येतं, तिथे पुढची बस थांबली. दाजींनी ब्रेक दाबला. मी आधीच्याच खड्ड्यात सुटले होते. मागून एक नर्स दवाखान्यातली पाळी संपवून स्कूटरवरून घरी चालली होती. मी काही पाहिलं नाही, मी खाली असते. मी आवाज ऐकला. मग दाजींचा आवाज, "बाई, ओ बाई, डोळे उघडा." तो आवाज बराच वेळ येत होता. बाईंचा आवाज आलाच नाही.

रस्ता मोकळा करायला पोलिसांनी खोकी दुसऱ्या गाडीत टाकली आणि आमची गाडी चौकीच्या आवारात नेऊन लावली. रिकामी. सकाळी गाड्या तपासणारे साहेब आले, बटण दाबलं. डावा दिवा धडकेत फुटला होता, उजवा ठणठणीत लागला. त्यांनी लिहिलं, 'मागील दिवे चालू स्थितीत. दुचाकीस्वार बेसावधपणे मागून धडकली.'

मेहुणा धावत आला. "दाजी, सुटलात! कागदावर दिवे चालू आहेत. आता मूग गिळून गप्प बसा."

"दिवे बंद होते," दाजी म्हणाले.

"तुम्हाला कुठे दिसत होते? तुम्ही पुढे होतात. उगाच विषाची परीक्षा कशाला घ्यायची?"

दाजींची बायको डबा घेऊन आली होती. ती गाडीच्या आडोशाला नवऱ्याला म्हणाली, "अहो, इतके दिवस तुमचं कुणी ऐकत नव्हतं. आता सगळे तुमच्या बाजूने बोलतायत, तर तुम्हाला उलटं बोलायचंय? तुरुंगात गेलात तर मी काय करू?" दाजींनी तिच्या हातातला डबा घेतला.

तेवढ्यात नर्सचे वडील आले. शिवणकाम करणारे म्हातारे, गळ्यात मोजायची टेप तशीच राहिलेली. त्यांना कुणीतरी तो कागद वाचून दाखवला. ते एवढंच म्हणाले, "माझी लेक बेसावध नव्हती हो. वीस वर्षं गाडी चालवते, कुणाला कधी धक्का नाही लागला." साहेब म्हणाले, "आजोबा, प्रत्येक बाप असंच म्हणतो."

दाजींनी डबा खाली ठेवला. "टेलरकाका, तुमची मुलगी बेसावध नव्हती. माझे दिवे बंद होते. साहेब, गाडीत वजन भरून बघा."

त्यांनी वायरिंगवाल्याला बोलावून घेतलं. तोही तेच म्हणाला, वही दाखवली. साहेब वैतागले. "अपघाताच्या गाडीत माल भरायची परवानगी नाही."

"माणसं चढली तर?" वायरिंगवाल्याने विचारलं.

साहेबांनी जरा विचार केला. "माणसांबद्दल काही लिहिलेलं नाही."

मग दाजी आवारभर फिरले. कुणी हरवलेल्या लायसन्ससाठी आलेलं, कुणी शेजाऱ्याशी भिंतीवरून भांडून आलेलं. "या हो, जरा हौद्यात उभे राहा." भांडणारे दोघेही चढले. दोन हवालदार चढले. भाजीवाली चढली. दहा झाले, अकरा झाले. मी ताणली जात होते. दिवा लागलेलाच.

"बघा, काही नाही," मेहुणा खालून म्हणाला. तो चढला नव्हता. "चला, उतरा सगळे."

तेव्हा दाजींची बायको पुढे झाली. भावाने दंड धरला, "ताई, वेडी आहेस का? तुझाच संसार आहे." तिने हात सोडवला, पदर खोचला आणि हौद्यात चढली. दिवा फडफडला. परत लागला.

टेलरकाकांना चढता येईना. दाजींनी त्यांना काखेत हात घालून वर चढवलं. म्हातारा मधोमध उभा राहिला, आणि माझी शेवटची तार सुटली.

हौद्यात उभं राहून मागचा दिवा दिसत नाही. काकांनी वरूनच विचारलं, "गेले का?"

साहेबांचं पेन हातातच राहिलं.

"गेले, काका," दाजी म्हणाले.

काका हौद्यातच खाली बसले आणि मोठ्याने रडले. दाजींची बायको त्यांच्याशेजारी बसली, तीही रडली. वायरिंगवाला खाली शिरला, हौदा आणि चॅसी यांच्यात दुसरी वायर धरली, दिवा लागला. ती काढली, विझला. मग त्याने माझं रबर सोललं. आत हिरवा गंज आणि तुटक्या तारा. साहेबांनी 'बेसावधपणे' या शब्दावर आडवी रेघ मारली आणि नवा कागद घेतला.

आता मी कोर्टाच्या कपाटात आहे, लाखेची मोहर लावलेल्या पाकिटात. गाडी चौकीच्या भिंतीला गंजतेय. कितीतरी तारखा झाल्या. परवा मला टेबलावर काढून ठेवलं होतं, समोर दाजी उभे होते, बरेच वाळलेले. काका मागच्या बाकावर होते, शेजारी दाजींची बायको. मेहुण्याने दिलेला वकील दाजींच्या कानात सारखं काहीतरी सांगत होता. न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" दाजींनी वकिलाकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "हो."

वेल्डरला कुणी बोलावलं नाही, मेहुण्यालाही नाही, आणि वायरला तर कोण विचारतंय! पण मी तिथेच होते, टेबलावर, दाजींपासून हातभर अंतरावर. मला विचारलं असतं तर मीही हो म्हणाले असते.